स्लॅबला 46 पोती की 105? काँक्रीटचा हिशेब कुठे चुकतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घराचा वरचा स्लॅब 30 फूट बाय 25 फूट, जाडी 5 इंच, जिना बाहेरून. काँक्रीट 1:1.5:3, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. तुम्ही घनफळ काढलंत 312.5 घनफूट. त्याचे साडेपाच भाग केलेत, एक भाग सिमेंटचा धरलात, आणि 46 पोती आली. ठेकेदार म्हणतो 105 लागतील. तो फसवतोय का, आणि सगळा खर्च कसा बांधायचा, हे तुम्हाला विचारायचं आहे.

तो फसवत नाहीये. त्याचा आकडा किंचित सैल आहे, तुमचा मात्र निम्म्याहून कमी आहे. तुमच्या भरवशावर 46 पोती आणून कामाला सुरुवात केली असती, तर अर्धा स्लॅब पडल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. तुम्ही काढलेलं 312.5 घनफूट हे तयार, ओल्या, दाबून बसलेल्या काँक्रीटचं घनफळ आहे. पण सिमेंट, वाळू आणि खडी आपण कोरडी मोजतो, आणि कोरड्या मालात पोकळी खूप असते. खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट शिरतं, पाणी पडलं की सगळं आकसतं. तीन भाग खडी, दीड भाग वाळू आणि एक भाग सिमेंट एकत्र केलं तर साडेपाच भाग काँक्रीट मिळत नाही, साडेतीनच्या आसपास मिळतं. म्हणून ओल्या घनफळाला 1.54 ने गुणून कोरडं घनफळ काढतात. हा आकडा अनुभवाचा आहे, कोणी 1.52 धरतं, कोणी 1.57. खडी एकाच आकाराची असेल तर पोकळी वाढते, लहानमोठी मिसळलेली असेल तर कमी होते. घरगुती कामाला 1.54 धरा.

तर 312.5 गुणिले 1.54 म्हणजे 481 घनफूट. भागिले 5.5 म्हणजे 87.5 घनफूट सिमेंट. 50 किलोचं एक पोतं सुमारे 1.225 घनफूट भरतं, कारण सैल सिमेंटचं वजन घनमीटरला 1440 किलो धरतात. म्हणजे नुसत्या स्लॅबलाच 71 पोती.

दुसरी चूक गणिताची नाही, बघण्याची आहे. स्लॅब हवेत तरंगत नाही, त्याखाली बीम, म्हणजे त्याचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळया आहेत, आणि ते स्लॅबबरोबरच भरले जातात. तुम्ही पाठवलेल्या मापांप्रमाणे बीम 9 इंच रुंद आणि 18 इंच खोल आहेत, चारही बाजूंनी आणि मधून एक, 25 फुटांच्या बाजूला समांतर. इथे लोक दोन उलट चुका करतात. एक तर बीम विसरतात, नाहीतर पूर्ण 18 इंच खोली धरतात. बीमचे वरचे 5 इंच स्लॅबमध्ये आधीच मोजलेले आहेत. तेव्हा स्लॅबच्या खाली लोंबणारे 13 इंचच घ्यायचे. लांबी धरताना कोपरे दोनदा येऊ द्यायचे नाहीत: लांब बाजूचे दोन बीम पूर्ण 30 फूट, आडवे तीन बीम 25 मधून दोन्ही टोकांचे 9-9 इंच वजा करून 23.5 फूट. एकूण 130.5 फूट. बीमच्या खालच्या भागाचा छेद 0.75 गुणिले 1.083, म्हणजे 0.8125 चौरस फूट. घनफळ 106 घनफूट.

स्लॅब आणि बीम मिळून 418.5 घनफूट, मीटरमध्ये 11.85 घनमीटर. याला 96 पोती लागतात. सांडलवंड, मिक्सरला चिकटलेला माल, फळ्यांच्या फटीतून गळणारं सिमेंटचं पाणी यासाठी 3 ते 5 टक्के वाढवा, म्हणजे 99 ते 101. ठेकेदाराने त्यावर चार पोती उशाला ठेवली आहेत. ती मला गैर वाटत नाहीत. न फोडलेली पोती परत घेण्याचं दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, म्हणजे झालं.

वाळू आणि खडी त्याच हिशेबातून निघते. कोरडं घनफळ 644.5 घनफूट. त्यात वाळू 176 घनफूट आणि खडी 352 घनफूट. 100 घनफुटांचा ब्रास धरला तर पावणेदोन ब्रास वाळू आणि साडेतीन ब्रास खडी.

पण वाळूच्या बाबतीत इथे थांबायचं नाही, कारण वाळू पाण्याने फुगते. 4-5 टक्के ओलावा असला की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू 20 ते 30 टक्के जास्त जागा व्यापते. बारीक वाळू याहूनही फुगते. पूर्ण भिजून पाण्यात बुडाली की मात्र ती पुन्हा कोरड्याएवढ्या जागेत बसते. म्हणजे ओलसर वाळूची पावणेदोन ब्रासची गाडी आली, तर खरी वाळू दीड ब्रासहून कमीच आहे. आणि मिक्सरपाशी तीच वाळू पेटीने मोजली, तर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते, माल खरखरीत होतो, मिस्त्री तो पसरवण्यासाठी पाणी वाढवतो. तपासणं सोपं आहे. काचेच्या उभट भांड्यात ओली वाळू सैल भरा, उंची मोजा. मग ती काढून घ्या, भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू हळूहळू परत टाका, ढवळा, बसू द्या. 20 सेंटिमीटरची 16 सेंटिमीटर झाली, तर ती 25 टक्के फुगलेली होती. तेवढी वाळू जास्त घ्यायची. तुमच्या कामाला अशी वाळू असेल तर 2.2 ब्रास मागवा.

मोजायला घमेलं वापरू देऊ नका. घमेलं कधी शीग लावून भरतं, कधी निम्मं, आणि दुपारनंतर सगळीच निम्मी होतात. 40 बाय 35 सेंटिमीटर तळ आणि 25 सेंटिमीटर उंची अशी लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्या. ही 35 लिटरची पेटी म्हणजे जवळपास एक पोतं सिमेंट. एका पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. अर्ध्या पेटीची खूण आतून रंगाने करा. ज्याला मापाचा फर्मा म्हणतात तो हाच.

पाणी पोत्याला 25 ते 27 लिटर. ओल्या वाळूतून तीन-चार लिटर आपोआप येतं, ते यातून वजा करायचं. जास्त पाण्याने काँक्रीट पसरायला सोपं जातं हे खरं, पण तुम्ही 100 पोत्यांचे पैसे मोजून त्यातली ताकद पाण्यात सोडता. खर्चाच्या हिशेबात पाण्याची ओळ दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम इथे लिहिली.

आता जाडी. पैसा खरा गळतो तो इथे, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. 750 चौरस फुटांवर अर्धा इंच जाडी वाढली, तर 31 घनफूट काँक्रीट वाढतं. सात पोती सिमेंट आणि वर सव्वादोन टन वजन, जे तुमच्या बीम-कॉलमनी जन्मभर उचलायचं. अर्धा इंच कसा वाढतो? सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते तोलून धरणाऱ्या फळ्यांच्या सांगाड्याचे टेकू मऊ जमिनीवर टेकलेले असतात, माल पडला की दबतात. फळ्या मधूनच झोल खातात. मिस्त्री वरून पातळी काढतो, खालची पातळी कोणी बघत नाही. आणि उलटही होतं: खालून फळी वर आलेली असेल तर तिथे स्लॅब चार इंचांचाच पडतो, हे जास्त वाईट. म्हणून सळया बांधण्याआधी फळ्यांची पातळी नळीने किंवा लेव्हलने निदान दहा-बारा ठिकाणी तपासा. माल पडताना सळईच्या तुकड्यावर 5 इंचांची खूण करून तो ताज्या काँक्रीटमध्ये जागोजागी खुपसून बघा. मी आजही प्रत्येक स्लॅबला हे स्वतः करतो.

याच कामासाठी एक आकडा पाठ ठेवा. 1:1.5:3 च्या एका पोत्यात सुमारे 4.4 घनफूट काँक्रीट होतं. 5 इंच जाडीत ते साडेदहा चौरस फूट जागा भरतं. तुमच्या बीमना 24 पोती जातील. त्यानंतर दर 10 पोत्यांना 105 चौरस फूट स्लॅब पडायला हवा. 90 च पडत असेल तर जाडी वाढतेय किंवा माल गळतोय, 125 पडत असेल तर जाडी कमी आहे किंवा वाळू-खडी जास्त चाललीये. रिकामी पोती एका जागी रचून ठेवायला सांगा आणि दर तासाला मोजा. चूक पहिल्या तासात कळली तर दुरुस्त होते.

पायाचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे कुंपणाचे कॉलम उभे करायचे आहेत म्हणालात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. खड्डा नकाशाप्रमाणे कधीच निघत नाही. बाजू ढासळतात, तळ खोल जातो. सुरुवातीच्या वर्षांत मी नकाशावरून मोजून माल मागवला, खड्डे प्रत्यक्ष मोजलेच नाहीत, आणि शेवटच्या दोन खड्ड्यांना काँक्रीट उरलं नाही. तेव्हापासून खोदाई संपल्यावर टेप लावल्याशिवाय मी पायाचा आकडा कोणाला देत नाही. दुसरं, उतरत्या फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाचं घनफळ काढताना खालच्या आणि वरच्या क्षेत्रफळाची सरासरी धरू नका. तळ 5 बाय 5 फूट, माथा दीड बाय दीड फूट आणि उतार 1 फूट उंचीचा असेल तर सरासरीने 13.6 घनफूट येतं, खरं 11.6 आहे. बरोबर पद्धत अशी: खालचं क्षेत्रफळ, वरचं क्षेत्रफळ आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज करा, उंचीने गुणा, 3 ने भागा. इथे 25 अधिक 2.25 अधिक 7.5, भागिले 3. एका फुटिंगला दोन घनफूट म्हणजे काही नाही, पण 16 फुटिंगांना सात पोती होतात. फुटिंगखाली जो साधा काँक्रीटचा थर टाकतात तो 1:3:6 चा पुरतो. त्याला घनमीटरला साडेचार पोती लागतात. 1:2:4 ला सव्वासहा ते साडेसहा, आणि तुमच्या 1:1.5:3 ला आठ.

रेडी-मिक्स मागवायचा विचार असेल तर एक धोका आधीच सांगतो. ते तयार काँक्रीट असतं, त्याला 1.54 ने गुणायचं नाही. आत्ता 1.54 शिकलेला माणूस उत्साहाने 18 घनमीटर मागवून बसतो आणि सहा घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाडी, दारात उभी राहते. तुम्हाला 11.85 घनमीटर हवं आहे, मागवायचं सव्वाबारा ते साडेबारा. पंपाने चढवणार असाल तर नळीत अडकणारा माल धरा: 125 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मीटरला 12 लिटर राहतं, 30 मीटर नळीत सुमारे 0.37 घनमीटर. तो माल शेवटी खाली काढता येत असेल तर वाया जात नाही, पण बहुतेकदा जातो. शेवटची गाडी अर्धवट भरून मागवली तर तिचा दर वेगळा लागतो का, पंपाचं किमान भाडं किती, गाडी किती वेळ थांबू शकते, हे दरपत्रकात लिहून घ्या. गाडीत माल बरोबर आला का याची शंका असेल तर वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी तोला. फरकाला घनमीटरला 2400 किलोने भागा.

आता खर्च. काँक्रीटच्या मालापुरता हिशेब सोपा आहे: परिमाणं एका उभ्या ओळीत, दर दुसऱ्या, गुणाकार तिसऱ्या. दर आज एक असतो आणि महिन्याने दुसरा, परिमाणं बदलत नाहीत. म्हणून दोन्ही कधी एकत्र कालवू नका. 'चौरस फुटाला इतके' असा एकच आकडा घेऊन बसलात, तर दर वाढला की माल वाढला हे पुन्हा कधी उलगडत नाही.

पण सिमेंट-वाळू-खडी हा स्लॅबच्या खर्चाचा एक भाग आहे. लोखंड, सेंट्रिंग आणि मजुरी मिळून त्याला सहज मागे टाकतात.

लोखंडाचा खरा आकडा सळयांच्या यादीतूनच काढायचा. कोणत्या जाडीच्या, किती लांबीच्या, किती सळया, ही यादी इंजिनिअरकडून मागून घ्या. ती देण्याचं त्याचं काम आहे. सळईचं वजन मीटरला व्यासाचा वर्ग भागिले 162 किलो: 8 मिलिमीटरला 0.395, 10 ला 0.617, 12 ला 0.89, 16 ला 1.58. 12 मीटरच्या 8 मिलिमीटर सळईचं वजन पावणेपाच किलो भरायला हवं. गाडी आली की नग मोजा, दोन-चार सळया तोलून बघा. यादी हाती येईपर्यंत अंदाज हवा असेल तर स्लॅबला घनमीटरला 60 ते 80 किलो आणि बीमला 110 ते 160 किलो धरा. तुमच्या कामाला 850 ते 1200 किलो होतं. या दोन टोकांत अंतर बरंच आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की लोखंड अंदाजाने विकत घेऊ नका. तुकड्यांची तूट 3 ते 5 टक्के. बांधायची तार टनाला 8 ते 10 किलो.

सेंट्रिंगच्या दरात सर्वांत जास्त वाद होतात, कारण 'चौरस फूट' कोणता हे कोणी विचारतच नाही. स्लॅबचं क्षेत्रफळ 750 आहे. पण बीमच्या बाजूंनाही फळ्या लागतात. बाहेरची 110 फुटांची कड 18 इंच उंच, म्हणजे 165 चौरस फूट. आतल्या बाजू मिळून 162. प्रत्यक्ष लागलेलं क्षेत्रफळ होतं 1077, म्हणजे जवळपास 44 टक्के जास्त. दोन ठेकेदारांचे दर तुलनेला घेताना एक 750 वर मोजतोय आणि दुसरा 1077 वर, तर स्वस्त वाटणारा प्रत्यक्षात महाग निघू शकतो. 'सेंट्रिंग कोणत्या मापाने मोजणार' हे कागदावर घ्या. आणि किती दिवस राहणार तेही. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू निदान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14, बीमखालचे 14, आणि बीमचा गाळा 6 मीटरपेक्षा मोठा असेल तर 21 दिवस. भाडं रोजाने असेल तर ठेकेदाराला लवकर काढायची घाई असते, तिथे गप्प बसू नका. स्लॅबवर पाणी निदान 7 दिवस, उन्हाळा असेल किंवा मिश्र सिमेंट असेल तर 10 दिवस. पाणी विकत घ्यावं लागत असेल तर तीही एक ओळ खर्चात हवी.

मजुरीच्या दरात मिक्सर, व्हायब्रेटर, माल वर चढवण्याची लिफ्ट, डिझेल आणि कव्हरचे ठोकळे (सळया फळीपासून वर उचलून धरणारे) येतात की नाही, हे एकेक करून विचारा. मजुरीचा आकडा लहान दिसला की बहुधा यातलं काहीतरी बाहेर राहिलेलं असतं.

आणि स्लॅबच्या दिवशी माल कमी पडलाच, तर बीमच्या टेकणीजवळ किंवा जिथे हात थांबला तिथे उताराने सोडून देऊ नका. गाळ्याच्या मधल्या एक तृतीयांश भागात, सळया जाऊ देऊन उभी फळी लावा आणि सरळ कड करून थांबा. दुसऱ्या दिवशी ती कड तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, सिमेंटचं घट्ट पाणी लावून मगच पुढचा माल टाका. पण तुमच्याकडे अजून वेळ आहे. सळया बांधायच्या आधी टेप घेऊन फळ्यांवर चढा, 30, 25 आणि बीमची 13 इंच खोली प्रत्यक्ष मोजा, आणि फरक आढळला तर वरचे सगळे आकडे त्या मापांनी पुन्हा काढा.